राणीची कंबर आणि मुका मोबाइल

“सर, तुम्ही या कमांड फळ्यावरच चालवता, की कधी खऱ्या कॉम्प्युटरवरही?”

प्रश्न मैत्रिणींचा होता, हिंमत ठिणगीची! “विचारून दाखवच” असं त्यांनी मधल्या सुट्टीत म्हटलं, आणि तिला ‘दाखवच’ म्हटलं की ती वाघाचेही दात मोजून येईल. वर्ग गार! सरांनी खडूसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, “एका ओळीत ढीगभर फायली कॉपी करायला कॉम्प्युटर कशाला? मोबाइलवरही जमतं. घरी करून बघ. फक्त आधी...”

पुढचं ऐकायला ठिणगी थांबतेय कशाला! घंटा झाली होती आणि तिचे पाय जमिनीवर नव्हते.

घरी आई शिलाई मशीन सोडून मोबाइलशी भांडत होती. आईची एक पद्धतच होती. ती मापं कधी लिहीत नसे. आधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचा फोटो, मग खांद्याला टेप लावून, मग बाहीला, मग कंबरेला. आकडा टेपवर दिसतोच, मग लिहायचं कशाला? आता एका नाटक मंडळीच्या पोशाखांचं काम आलं होतं. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा! त्यांच्या फोटोंनी मोबाइल इतका गच्च भरला की आणखी एक फोटो घ्यायला तयार नव्हता.

“बाबांनी हे नवं मेमरी कार्ड आणलंय. सगळे फोटो त्यात टाकून दे गं. बोटाने निवडले की झालं.”

“बोटाने? आई, बोटाने तर रांगणारी पोरंही निवडतात!”

ठिणगीने मोबाइलवर कमांड लिहायचा काळा पडदा उघडला आणि फर्मान सोडलं: प्रत्येक फोटो उचल आणि कार्डातल्या ‘मापं’मध्ये नेऊन ठेव! मोबाइल खाली मान घालून कामाला लागला. हूं नाही की चूं नाही.

“बघितलंस? काही बोलला नाही, म्हणजे झालं!” असं म्हणत तिने दुसरं फर्मान काढलं: जुने सगळे पुसून टाक! तेही झालं. मोबाइलमध्ये क्रिकेट खेळता येईल एवढी जागा!

तेवढ्यात नाटकाचे दिग्दर्शक काका आले. आवाज असा की छताचा पंखा दचकावा. “ताई, राणीचा झगा कापायला घेतलात का?”

“आत्ताच घेते. तिचीच मापं काढते बघा,” म्हणत आईने कार्ड उघडलं.

आत एकच फोटो. टेप गुंडाळलेलं भलंमोठं, केसाळ पोट!

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “ही... आमची राणी?”

“नाही हो! थांबा, पुढचा बघू.”

पुढचा नव्हताच.

“मग सेनापती?”

आतून बाबा तीरासारखे आले. “अहो, ते पोट माझं आहे! सकाळी पँटसाठी माप दिलं होतं!”

काका वाकून म्हणाले, “बेचाळीस? परवा तर छत्तीस सांगत होतात!”

“टेप सैल धरलीय हिने!” बाबा कडाडले.

ठिणगीने आपल्या पहिल्या फर्मानाची ओळ पुन्हा वाचली. कार्डात ‘मापं’ नावाचा फोल्डर तिने बनवलाच नव्हता! मोबाइलने मग पहिल्या फोटोलाच ‘मापं’ असं नाव दिलं, दुसरा त्याच्या जागी बसवला, तिसरा दुसऱ्याच्या. आधीचा दर वेळी गायब! राणीवर सेनापती, सेनापतीवर पहारेकरी आणि सगळ्यांवर बाबा!

“अरे, एकदा विचारायचं तरी!” ती मोबाइलवरच ओरडली. “पिशवी विसरली तर भाजीवालीसुद्धा विचारते, कशात घालू म्हणून! आणि हा मेला एकाला बसवायला दुसऱ्याला संपवत सुटला!”

“त्याला कशाला बोलतेस कारटे? न बघता पुसलं कोणी?” बाबा म्हणाले.

“पण त्याने पुसू दिलं कसं?”

काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “ताई, प्रयोग तोंडावर आलाय. उद्या तालमीला सगळे भेटतील. तेव्हा मापं घेतलीत तर ठीक, नाहीतर मला दुसरा शिंपी बघावा लागेल.”

ते गेले आणि आई टेप हातात घेऊन बसली. उद्या तिला शाळेचे गणवेश पोचवायचे होते, आणि नाटकाच्या या कामासाठी तर तिने चार गिऱ्हाइकं परत पाठवली होती. ती रागावली असती तरी चाललं असतं. ती नुसती टेप बोटाला गुंडाळत राहिली.

ते काही ठिणगीला बघवेना. तिने आईच्या हातातून टेप काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

“आई, बाबा, माझा निर्णय झालाय! उद्या तालमीला मी जाणार. राणीपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांची मापं मी घेणार, आणि कागदावर पेनाने लिहिणार. हा मोबाइल माझी माफी मागेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही, म्हणजे नाही!... फक्त उद्याचा दिवस बरोबर नेते. तालमीचा हॉल कुठे आहे, ते त्यालाच माहितीय.”