लोखंडे सर शब्द आत घेतात

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो लोखंडे सरांचा. याच सरांनी एकदा मिरजेजवळच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात रेडा आणून उभा केला होता.

"सर, ह्यो क्लास हाय का गोठा?" घरमालकांनी विचारलं.

"आवं मालक, शब्द आत घ्यायचाय. रेडा न्हाई."

सर माण तालुक्यातले. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर चालणारा कन्नड-मराठी कोश ते तयार करत होते. आधी कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत ते टाइप करायचं, पुढं शब्द, मग एंटर. की खाली अर्थ हजर. सरांचा नियम एकच. वस्तूला बोट लावून मराठी आणि कन्नड माणसानं आपापला शब्द उच्चारल्याशिवाय तो कोशात जायचा नाही. चक्करेला बोट लावता येईना, तेव्हा सर स्वतःभोवती गिरक्या घेत राहिले. फळ्यावर आदळल्यावर म्हणाले, "हां, आता लिव."

लिहिणारा मी. कवठे महांकाळहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. पदवी होती, काम नव्हतं. सरांनी खुर्ची दिली.

"सर, कन्नड-इंग्रजी कोश मिळतो. इंग्रजीतनं मराठीत आणू या की," मी एकदा सुचवलं.

"म्हंजे नणंदंकडनं निरोप धाडायचा. वाटंत काय घालंल तिचं तिला ठावं."

मिरजेच्या एका डॉक्टरांकडं सीमेपलीकडचे पेशंट फार यायचे. कोश भरलेला कॉम्प्युटर घेऊन आम्ही तिथं गेलो. डॉक्टर म्हणाले, "एक पेशंट बघू. जमलं तर मशीन ठेवतो. नाही तर मशीन आणि तुम्ही, दोघंही घरी. आणि सर, तुम्ही बाहेर थांबायचं."

दोन वर्षांचं काम पणाला लागलं होतं. सर खिडकीबाहेर, हात पाठीमागं बांधून.

आत आलेल्या आजी म्हणाल्या, "तलेसुत्तु." मी टाइप केलं. पडद्यावर आलं: चक्कर.

"कधी येते, विचारा," डॉक्टर म्हणाले. मी उलट बाजूनं शब्द काढला आणि वाचला, "यावाग?"

आजींचा चेहराच उजळला. त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि बरंच काही बोलल्या. त्यातला 'गुळिगे' मला ऐकू आला. पडद्यानं सांगितलं: गोळी. डॉक्टरांनी पुडी उघडून बघितली, नाडी धरली, रक्तदाब मोजला आणि ती गोळी बंद करून दुसरी लिहिली.

"मशीन राहू दे," ते म्हणाले. मग खिडकीकडं वळून, "सर, कन्नड कुठं शिकलात?"

"बायको अथणीकडची व्हती." सरांनी पाठीमागचे हात सोडले. "ती गेल्यापास्नं घरात कन्नड बंद हाय."

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. तिथून सरांना लिहिलेलं हे पत्र:

ती. लोखंडे सर,
सा. न. वि. वि.
आमच्या ऑफिसातल्या भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये बऱ्याच भाषांचे कोश आहेत, मराठी-कन्नड नव्हता. तुम्ही दिलेल्या फ्लॉपीवरचा आपला कोश मी त्यात बसवला. काल साहेबांनी तो पास केला. शब्द कुणी जमवले, म्हणून त्यांनी नाव मागितलं. माझं नाव कुठं घालू नको, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून काकूंचं घातलं. आता कुणीही हा कोश उघडला, की पहिल्या ओळीत शांतव्वा लोखंडे असं येतं.
तुमचा,
विलास