बाबांच्या फोनमधली सुई

मी फक्त एक बोट फिरवलं होतं. वरून खाली. त्यावरून आमच्या घरात महिनाभर काय झालं ते ऐकून मला शिव्या घालू नका, त्यासाठी घरचे पुरेसे आहेत.

बाबा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. ताईला नोकरी लागली, तिने पहिल्या पगारात बाबांना नवा फोन घेतला आणि त्यांचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला, माझ्याकडे आला. (दहावी अर्धी सोडल्यापासून घरातलं तडा गेलेलं सगळं माझ्याकडेच येतं.) नवा फोन इतका देखणा की मला बघवेना. म्हणून मी त्याचा ब्राइटनेस गुपचूप तळाला नेला. बाबांना दिसणार नाही, वैतागून म्हणतील, घे तूच, असा माझा डाव. बाबांनी विचारलं, अंधार का झाला रे? मी म्हटलं, नवे फोन असेच असतात, बॅटरी वाचते. त्यांना पटलं. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांची खोड जुनीच आहे.

हल्ली गिऱ्हाईक कापडाबरोबर फोटो पाठवतं, असा गळा हवा, अशी बाही हवी. बाबा दिवसभर त्या काळोख्या स्क्रीनमध्ये नाक खुपसून गळे शोधायचे. आधी डोळे चुरचुरले, मग डोकं धरलं. एरवी ते खिडकीबाहेर बघत, बोलता बोलता सुई ओवायचे. एके दिवशी मला हाक मारली, "जरा ओवून दे रे." त्या आठवड्यात चारदा. एक कॉलर वाकडी शिवली गेली, ती त्यांनी उसवून पुन्हा शिवली.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नंबर होता तोच आहे, डोळे चांगले आहेत. त्याने तर बाबा जास्तच घाबरले. डोळे चांगले, मग बिघडलं काय?

दुपारी मी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपतो. जगात त्याहून मऊ जागा नाही. दारातून उजेडाची पट्टी आत येते, तिच्यात कापसाचे कण तरंगत असतात, आणि मशीनचा आवाज ऐकत मी कुठल्या कुठे जातो. तिथेच मला बाबांचं आईशी चाललेलं बोलणं ऐकू आलं.

"डोळ्यांचं काही खरं नाही. याला मशीनवर बसवू. वर्षभरात तयार होईल."

याला म्हणजे मला. त्या दुपारी मला स्वप्न पडलं. मी एक बाही शिवतोय आणि ती संपतच नाही. दाराबाहेर गेली, रस्त्यावरून गेली, टेकडीवर चढली, आणि पार पलीकडून कोणीतरी हात घालून बघतंय आणि म्हणतंय, घट्ट होते.

मी घाईने उठून ब्राइटनेस वर केला. बाबांनी तो लगेच खाली आणला. बॅटरी जाते म्हणाले. (कोणी शिकवलं?)

दुसऱ्या दिवशी बाबा फोन डोळ्यांपाशी धरून असं काही तोंड करून बसले होते की मी सवयीने माझ्या फोनवर व्हिडिओ काढला. बाबांच्या अशा व्हिडिओंचा माझ्याकडे साठाच आहे. मग ढिगात पडून बघितला. व्हिडिओत बाबा स्तब्ध, मशीन स्तब्ध, फक्त त्यांच्या फोनवरून काळे पट्टे हळूहळू खाली उतरत होते. शेतावरून ढगांच्या सावल्या जाव्यात तसे. वर बघितलं तर बाबांच्या हातातला फोन नुसता मंद, एकही पट्टा नाही. मी परत परत बघत राहिलो. हसायला काढला होता हेच विसरलो.

शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा आहे. हातात कायम चिमटा, म्हणून चिमटादादा. त्याने व्हिडिओ बघून सांगितलं की स्क्रीनचा उजेड सेकंदाला शेकडो वेळा विझतो आणि पेटतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेरा पकडतो. ब्राइटनेस जितका खाली, तितका जास्त वेळ विझलेला. काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही.

"इतका खाली नेला कोणी?" त्याने विचारलं. मी त्याच्या पंख्याकडे फार आवडीने बघितलं.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ दाखवला.

"सारखा विझतो आणि पेटतो," मी म्हटलं. "आपल्याला दिसत नाही."

बाबांनी मशीनचं पायंडल मारलं. सुईचं नुसतं धुकं झालं. "असं?"

"असंच."

"तीस वर्षं मशीन चालवतोय. चालत्या सुईकडे कधी बघत नाही मी, कापडाकडे बघतो. सुईकडे बघत बसलो तर दुपारपर्यंत डोळे जातील." मग हळूच म्हणाले, "आणि महिनाभर तेच करत बसलो."

"मीच बसवलं," मी म्हटलं, आणि बोटाचं सगळं सांगून टाकलं.

बाबा रागावले नाहीत. नव्या फोनचा कॅमेरा त्यांनी माझ्या तडा गेलेल्या फोनवर धरला. एक पट्टा नाही, तळ्याच्या पाण्यासारखा गप्प. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. नवा आईने घेतला, ती ब्राइटनेस पूर्ण ठेवते, भांड्याचा तळसुद्धा त्याच्याच उजेडात बघते. ताईला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, आईने हिसकावला.

आठ दिवसांनी बाबांनी खिडकीबाहेर बघत सुई ओवली. मी ढिगात निवांत आडवा झालो. स्वप्नातली बाही संपत आली होती, टेकडी सरली होती, आणि लांबून माझाच आवाज आला, "मित्रांनो, हे बघा आमचे टेलरमास्तर घोरताना."

मी फोन दिला होता. त्यातले व्हिडिओ उडवायचे राहिले होते. त्रेचाळीस.

बाबांनी ते सगळे बघितले, शेवटपर्यंत. डोळे पुसायला लागले तसा मी घाबरून टेबलाखालून बाहेर आलो. विचारलं, परत दुखतायत का?

"छे," ते म्हणाले, "आता कितीही वेळ बघता येतं." आणि पायाने दुसरं स्टूल मशीनपाशी ओढलं. "उद्यापासून दुपारी बटणांची काजं तू करायचीस."

माझं पहिलं काज इतकं मोठं झालं की त्यातून मीच निसटलो असतो. पण समोर बसून बाबा चव्वेचाळिसावा व्हिडिओ काढत होते.