बारकी तार सांगा

दस्तगीरभाईंच्या घरी जायचं असेल तर साधा शर्ट घालून जावं. मी एकदा खिशावर कंपनीचं नाव शिवलेला शर्ट घालून गेलो. भाईंनी बोलता बोलता काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला, माझ्या छातीवरच्या त्या नावावर अंगठ्यानं दाबून बसवला आणि म्हणाले, "हां, आता बसा."

त्यांच्या घरातल्या प्रत्येक नावावर ही पट्टी आहे. फ्रीज, पंखा, मिक्सर, टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, काही सुटलेलं नाही. दारात लावलेल्या माझ्या मोटारसायकलवर दोनदा पट्टी बसली आहे. चहा, साखर, मीठ एकसारख्या बरण्यांत, आणि बाटल्यांवरचे कागद ओले करून सोलून काढलेले. गेल्या थंडीत त्यांनी खोकल्याचं औषध चार दिवस गुडघ्याला चोळलं, आणि वर गुडघा मोकळा झाला म्हणून मला सांगितलं.

"नाव ठावं असतं तर लावलं असतं का मी गुडघ्याला?" ते म्हणाले. "म्हनून सांगतो मास्तर, नाव पुसा, मग बोला."

'नाव पुसा, मग बोला' हे त्यांचं पालुपद. विषय भाजीचा असो, जावयाचा असो की निवडणुकीचा, गाडी तिथंच येऊन थांबते.

आमची ओळख झाली ती माझ्या गर्वाचं घर खाली होण्याच्या निमित्तानं. मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि कॉलेजपासून गिटार वाजवतो. माझी इलेक्ट्रिक गिटार परदेशी आहे, आणि हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. तर त्या गिटारचा पिकअप एके दिवशी मेला.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली काडेपेटीएवढी डबी. आत लोहचुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज थरथरते, तीच पुढं स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. दहावीच्या पोरांना मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. पण त्याच डबीवर परदेशी कंपनीचं नाव असलं की माझं विज्ञान मला सोडून जायचं आणि मी तिच्याकडं भक्तिभावानं बघायचो. तसली दुसरी डबी लवकर मिळेना. तेव्हा एका बेंजोवाल्यानं सांगितलं, "माधवनगरात एक मिस्त्री हाय. पान्याच्या मोटारी भरतो. आमच्या समद्या बेंजोंचं पिकअप त्येचंच."

विहिरीच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस माझ्या गिटारला हात लावणार! मी गेलो तो केवळ नाइलाजानं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जळक्या मोटारी, वॉर्निशचा वास, आणि कोपऱ्यात मागाच्या कांड्या भरायचं जुनं यंत्र. भाई आधी माधवनगरात कापडाच्या यंत्रमागावर होते आणि शमीमभाभी घरी कांड्या भरायच्या. मागाचं काम गेल्यावर भाईंनी मोटारींचं काम धरलं, पण भाभींचं यंत्र मोडीत घातलं नाही. सुताच्या जागी तांब्याची तार लावली आणि त्यावर पिकअप भरायला लागले. चुंबक जुन्या भोंग्यांतला, वरचं झाकण जळक्या मोटारीच्या पत्र्याचं. नंतर अख्खी डबी पातेल्यात वितळलेल्या मेणात बुडवायची. मेण वेढ्यांत शिरून तारा घट्ट बसवतं. वेढे सैल राहिले तर आवाज वाढवला की पिकअप किंचाळतो.

आठ दिवसांनी मी माझी गिटार घेऊन घरी आलो, दार लावलं, वाजवली. मला आवाज आवडला, आणि आवडला याचा राग आला. पुन्हा वाजवली. जाड तारा भरदार, बारीक तारा स्वच्छ. मेलेल्या परदेशी डबीपेक्षा बरा, असं कुणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. पण खोलीत मी एकटाच होतो, आणि स्वतःशी किती भांडणार?

मग जाणं-येणंच सुरू झालं. नवा पिकअप झाला की भाई एका जुन्या गिटारला बसवत आणि मला वाजवायला लावत. मोटारमिस्त्री बेरिंगचा आवाज ऐकायला स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. भाई मूठ दातांत धरत, टोक गिटारच्या लाकडावर टेकवत आणि डोळे मिटत. सहा फुटी मिशाळ माणूस माझ्या गिटारला दातांनी जोडलेला, हे दृश्य बघून सुरुवातीला माझी बोटं हसण्यानं चुकायची. वाजवून झालं की स्क्रूड्रायव्हर काढून ते एकच विचारत, "बारकी तार सांगा!"

"छान आहे," मी म्हणे.

"तसं न्हवं. कशी हाय त्ये सांगा. फुटकी हाय का? पितळी हाय का? दुधावानी हाय का?"

असं विचारताना ते माझ्या तोंडाकडं असे टक लावून बघत की मला भरून यायचं. इतकी वर्षं शिकवतोय, पण एकाही विद्यार्थ्यानं माझ्याकडं इतक्या एकाग्रतेनं बघितलेलं नाही. तरी मी आपला 'छान'च म्हणायचो. खरं तर कित्येकदा मी नीट ऐकलेलंही नसायचं.

तेवढ्यात आतून भाभींचा चहा यायचा. कधी काचेच्या ग्लासात, कधी कपबशीत. कपबशी आली की आज आपला मान जास्त आहे असं मी धरून चालायचो. गंमत म्हणजे नेमकी कपबशीच्या दिवशी भाईंना लहर यायची आणि ते चांगला बसवलेला पिकअप काढून पुन्हा मेणाच्या पातेल्यात टाकायचे. या कलावंत मंडळींचं समाधान म्हणून होत नाही, असं मी बायकोला सांगायचो.

एक दिवस मी साताऱ्याच्या अजिंक्यचा विषय काढला. अजिंक्य माझा जुना विद्यार्थी, आता त्याचा तिथं गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ आहे. बिननावाच्या पिकअपची गोष्ट सांगितल्यावर तो हसला होता. म्हणाला होता, "सर, माझ्याकडं एकसारख्या दोन गिटारी आहेत. एकीत त्यांचा पिकअप बसवू, दुसरीत आहे तो परदेशी राहू दे. तुम्ही पडद्यामागं वाजवा, आम्ही तिघं ऐकतो. त्यांचा सरस ठरला तर स्टुडिओतल्या सगळ्या गिटारींना तोच."

भाईंनी हे माझ्या तोंडाकडं बघत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गिटारी किती, कधी, काही विचारलं नाही.

"कानवाली मानसं हायत ती?"

"हो. त्यांचा धंदाच तो आहे."

"एकदा, मास्तर. कानवाल्या मानसानं नाव न बघता सांगावं, चांगलं का वंगाळ. फकस्त एकदा. मग मी मोटारी भरत बसंन जल्मभर."

 एवढ्याशा गोष्टीसाठी हे मला तेव्हा जरा जास्तच वाटलं.

त्याच सुमारास भाभी म्हसवडला गेल्या. लेकीचं दुसरं बाळंतपण, ते सासरीच होतं. घरात भाई एकटे. साताऱ्याचा पिकअप त्यांनी त्या दिवसांत भरला. मी गेलो की चहा नाही, कप नाही, ग्लास नाही. भाई तोच पिकअप तीन-तीनदा वाजवायला लावत. "बारकी तार सांगा, मास्तर. नीट सांगा." मी नेहमीसारखं छोट्या स्पीकरवर, दबक्या आवाजात वाजवून सांगितलं, "छान आहे हो."

एका रविवारी माझ्या गाडीतून आम्ही साताऱ्याला गेलो. अजिंक्यनं चादर आडवी बांधली. मी मागं दोन गिटारी घेऊन बसलो. पुढं अजिंक्य, त्याचे दोन वादक मित्र आणि शेजारच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले भाई. मी आधी हळू वाजवलं, एकदा ही गिटार, एकदा ती, पाच वेळा उलटसुलट. तिघांनी कागदावर लिहिलं. अजिंक्यनं कागद बघून जोरात सांगितलं, "सर, तिघांचंही एकच मत. दुसरी गिटार. काय गोड आहे!"

दुसरी भाईंची होती. मी चादरीमागं एकट्यानंच मूठ आवळली.

"आता आवाज वाढवून," अजिंक्य म्हणाला. मी वाढवला आणि भाईंच्या गिटारची बारकी तार छेडली.

जे काही बाहेर आलं त्याला सूर म्हणता येणार नाही. कानातून सुई आरपार जावी तशी एक किंचाळी उठली आणि थांबेचना. कोपऱ्यात झोपलेलं अजिंक्यचं मांजर खिडकीतून गेलं. मी आवाजाच्या बटणासाठी चाचपडत चादर बाजूला सारून पाहिलं. तिघंही कानांत बोटं घालून वाकले होते. आणि त्यांच्या शेजारी दस्तगीरभाई डोळे मिटून, मान डोलावत, शांतपणे हसत बसले होते. डोळे उघडून ते अजिंक्यला म्हणाले, "बारकी तार सांगा!"

अजिंक्यनं माझ्याकडं पाहिलं. मी बटण बंद केलं. मग तो भला मुलगा हळूच म्हणाला, "सर, आवाज खरंच सुंदर आहे. पण ओरडतो. ओरड तेवढी काढा आणि परत या." भाईंनी त्याच्या ओठांवर नजर ठेवली होती, पण तो माझ्याकडं तोंड करून बोलला होता.

परतताना गाडीत भाई खुशीत होते. "झाक झालं न्हवं?" मी रस्त्याकडं बघत काहीतरी म्हणालो. उत्तर आलं नाही. गाडीत आणि मोटारसायकलवर भाई नेहमीच मुके होतात, फोन तर कधीच उचलत नाहीत. हे सगळं मला इतके दिवस त्यांच्या विक्षिप्तपणात जमा धरायला सोपं गेलं होतं. विज्ञानाचा मास्तर म्हणवतो मी! स्वतःची इतकी लाज मला क्वचित वाटली असेल.

उंब्रजच्या पुढं गाडी बाजूला घेतली, त्यांच्याकडं वळलो आणि सावकाश सांगितलं, "भाई, पिकअप ओरडत होता."

"किती?"

"मांजर पळालं."

ते हसले, आणि मग चेहरा उतरला. 

"पंदरा वर्सं मागावर काढली," ते म्हणाले. "कानात कापूस घातला की बाकीची नाजूक म्हनून हसायची. आदी बारकी तार गेली, मास्तर. मग पाखरं गेली. मग तिचा आवाज. जाड हाय त्ये येतंय अजून, दातातनं. ती बोलती त्ये दिसतं मला. ऐकू येत न्हाई."

"मग इतकी वर्षं पिकअप पारखता कसे?"

"ती पारकती. कांड्या भरताना सूत तुटायच्या आदी तिला कळायचं, असला कान. आतनं ऐकती. पास असंल तर काचंच्या गिलासात च्या. म्होरं ओरडनार असंल तर कपबशी. मग मी परत मेनात टाकतो. मानसांम्होरं मला खाली बघाया लागू नये म्हनून तिनंच काढलं हे."

माझ्या सगळ्या कपबश्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

"आनि नावं का झाकतो म्हनता?" भाई म्हणाले. "नाव वाचून मानूस सांगतो, झाक हाय. त्याचा काय उपेग मला? मी तुमचा कान उसना घेतो, मास्तर. उसना कान तरी खरा पायजे."

आणि मी त्यांना दोन वर्षं 'छान' देत आलो होतो. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती हातानंच उडवून लावली.

पुढच्या रविवारी मी माधवनगरला गेलो. तोच पिकअप भाईंनी पुन्हा मेणात घातला होता, या वेळी चांगला मुरेपर्यंत. मी मोठा स्पीकर घेऊन गेलो होतो. गिटार जोडली, भाईंनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, आणि मी म्हसवडला फोन लावून तो स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला.

"थांबा मास्तर, बाळाला खांद्यावर घेती," भाभी म्हणाल्या. "हां. वाजवा."

मी हळू वाजवलं, मग आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. खिडकीची तावदानं थरथरली. किंचाळी नाही. पलीकडं बाळाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"परत एकदा. बारकी," भाभी म्हणाल्या.

मी बारकी तार एकटीच छेडली आणि ती विरेपर्यंत या वेळी मीही ऐकली. भाईंची नजर माझ्या तोंडावर होती. मी फोनकडं बोट केलं.

"मास्तर," फोनमधून आवाज आला, "काचंचे गिलास वरच्या फळीवर हायती. डाव्या अंगाला."

मी उठलो, आत गेलो आणि आधण ठेवलं. बरण्यांवर नावं नाहीत, त्यामुळे पहिल्या बरणीत बोट घालून चाखलं तर मीठ निघालं. दुसरीत साखर सापडली. फळीवर डाव्या बाजूला ग्लास होते. दोन भरले आणि बाहेर आणले.

भाईंना लांबूनच ग्लास दिसले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांतून काढला, शर्टाला पुसला आणि खाली ठेवला. ग्लास दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले, प्यायले नाहीत. डोळे भरले होते. मग स्टुलावरच्या फोनकडं बोट करून म्हणाले, "चालू हाय?"

"चालू आहे."

"तिला इचारा, जेवली का."

विचारायची गरज नव्हती, भाभींनी ऐकलं होतं. "जेवले म्हनावं," त्या म्हणाल्या, "आनि च्या गार हुतोय म्हनावं."

मी भाईंच्या समोर बसलो आणि ओठ नीट हलवत दोन्ही वाक्यं भाभींच्याच शब्दांत त्यांना सांगितली.