झ्विदझाईचा पाय

"तुमच्या पहारेकरी ताफुमांना काहीतरी झालंय," रुवाराशे म्हणाली. विद्यापीठाची ही पोरगी मुतारे शहराच्या संग्रहालयात माणसांची मनं मोजायला आली होती. पाहुणे असोत की नोकर, दिसेल त्याच्या मनगटावर तिने नाडी मोजणारा पट्टा बांधला होता. "रोज सकाळी, दार उघडण्याआधी, म्बिरा वाद्याच्या कपाटापाशी त्यांचं काळीज नुसतं धडधडतं."

संचालक मांडिझाबाईंना संशय घ्यायला एवढं पुरे होतं. "चोरी! या पहारेकऱ्याने वाद्य बदललं असणार." ते वाद्य वारलेल्या झ्विदझाई वादकाचं; खरंखोटं ओळखायला त्यांनी ते संग्रहालयाला देणाऱ्या त्याच्या विधवेलाच बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिघी मोठ्या ढोलामागे दबा धरून बसल्या.

ताफुमा आला. झ्विदझाईची जुनी टोपी डोक्यावर चढवून, उजवा पाय ओढत कपाटासमोर उभा राहिला. "ऊठ रे आळशा! बायकोने सदझा रांधलाय, आणि हा पसरलाय! मरायची तेवढी घाई!"

"काय तमाशा चाललाय हा?" मांडिझाबाई कडाडल्या.

ताफुमा दचकून वळला. "बाई, मी त्याचा सहवीरा. त्याच्या मातीच्या दिवशी इथे मंत्री येणार म्हणून तुम्ही मला रजा दिली नाहीत."

मांडिझाबाईंना रीत ठाऊक होती. मयताच्या घरी मेलेल्याची नक्कल आणि थट्टा करून रडणाऱ्यांना हसवायचं, ते सहवीरानेच, म्हणजे रीतीने मानलेल्या जिवलग दोस्तानेच. सख्ख्या भावालाही तो मान नाही.

"माझा दोस्त कुणी न हसताच मातीत गेला," ताफुमा म्हणाला. "सात महिने इथे एकटाच नाचतोय. हसायला कोण आहे? नोकरी घ्या हवी तर. पण एकदा कुणीतरी हसू दे."

तेवढ्यात ढोलामागून विधवा बाहेर आली. मातीला आला नाही म्हणून तिने त्याचं नाव टाकलं होतं.

"वहिनी..." त्याने मान खाली घातली.

"डावा," ती म्हणाली.

"काय?"

"डावा पाय ओढायचे ते! तीस वर्षं बरोबर हिंडलास, मुडद्या, आणि पाय कुठला ते ठाऊक नाही?"

ताफुमाने आपल्या पायांकडे पाहिलं. सात महिने चुकीच्या पायाने शोक चालला होता! निमूट दारापर्यंत मागे गेला आणि डावा पाय ओढत पुन्हा आला. विधवेला हसू फुटलं. पोट धरून ती हसली, हसता हसता खाली बसली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना.

रुवाराशेच्या हातात तक्ता होता: आनंद की दुःख, एकावरच खूण करायची. तिने तो घडी करून ठेवला.

"आज दार उशिरा उघडेल," मांडिझाबाई म्हणाल्या, आणि मयताच्या घरी बसतात तशा विधवेशेजारी जमिनीवर बसल्या.