काकांची गुठळी

प्रयोगशाळेतल्या काकांना नवी मुलगी खुपत नव्हती, खुपत होती तिची चिप. टपालाच्या तिकिटाएवढी पारदर्शक पट्टी आणि तिच्यात केसासारख्या बारीक नाल्या. एका तोंडातून रक्त सोडलं की पांढऱ्या पेशी एका वाटेने बाहेर पडत, तांबड्या दुसऱ्या. दहा मिनिटांत काम फत्ते. काका हेच काम सव्वीस वर्षं गरगर फिरणाऱ्या मशीनवर करत होते, त्याला तास लागे. ते बघायला कधी चिटपाखरू आलं नव्हतं. आता मात्र रोज कोणीतरी येई, "जरा सरकता का?" म्हणे आणि थेट तिच्या टेबलाशी जाई.

एके सकाळी विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "आज बाहेरचे पाहुणे आहेत. चिपसाठी ताजं रक्त कोण देतंय?"

"मी देतो," काका म्हणाले.

सगळ्यांना भरून आलं. काकांच्या मनात वेगळंच होतं. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं, पण नळी सात-आठदा वरखाली केली तरच ते मिसळतं. काकांनी आपली नळी न हलवता तशीच स्टँडला लावली. गुठळी होईल, नाल्या तुंबतील, मग बघू किती कौतुक होतं ते.

तेवढ्यात नवी मुलगी म्हणाली, "काका, अर्धं तुमच्या मशीनवर लावू या ना. तुमचंही काम दिसू दे लोकांना."

नको म्हणायला काकांना कारण सुचेना. वरचं पातळ रक्त तिने घेतलं, तळाचं काकांच्या वाट्याला आलं. तिच्या चिपच्या तोंडाशी बारीकसारीक गुठळ्या अडवणारी जाळी होती, हे त्यांना तेव्हा कळलं.

चिपचं काम बिनबोभाट झालं. तासाभराने काकांनी आपली नळी काढली, तर आत काळपट गोळा.

"गुठळी?" बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्या हातून? नळी हलवली नव्हती का?"

"राहून गेलं," काका पुटपुटले.

"मग तुलना कशी करायची?" एका पाहुण्याने विचारलं.

काकांनी मुकाट्याने दुसरी बाही वर केली. या खेपेला नळी त्यांनी इतकी मनापासून हलवली की बाईंना "पुरे" म्हणावं लागलं. दोन्हीकडचे पेशींचे आकडे जुळले. पाहुणे भारावले. नव्या तंत्रासाठी एका दिवसात दोनदा रक्त देणारा ज्येष्ठ सहकारी त्यांनी पाहिला नव्हता. फोटो निघाले.

आठवड्याने संस्थेच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर दोन्ही बाह्या दुमडलेले काका झळकले. चिप फोटोत मावली नव्हती. नव्या मुलीचा फक्त कोपर आला होता.

त्या दिवशी तिने चहा एकटीनेच घेतला. संध्याकाळी एप्रन काढता काढता ती म्हणाली, "पुढच्या वेळी रक्त मी देईन."

"कशाला उगाच?" काका मायेने म्हणाले. "तुझी नस सापडत नाही लवकर."