कोपीतली बाळंतीण

सुनेचं एक वागणं गुरम्माला कधीच पटलं नाही. मंजुश्री जनावरांशी बोलायची! कामापुरतं बोललं तर कुणाची ना आहे? बैलाला 'हो' म्हणावं, कुत्र्याला 'हाड' म्हणावं, विषय संपला. पण ही बाई भिंतीवरच्या पालीला विचारायची, "काय गं, जेवलीस का?" दारात आलेल्या कुणालाच हाकलायची नाही. लंगडं कुत्रं आलं, त्याला दूधभाकर. खारीचं पिल्लू झाडावरून पडलं, त्याला कापसाची गादी. एकदा न्हाणीत बेडूक बसला, तर बाईसाहेब तांब्या घेऊन बाहेर ताटकळत उभ्या. वर म्हणतात कशा, "आत्याबाई, त्याचं होऊ द्या आधी!"

गुरम्मा शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. तिथल्या पुस्तकात तिनं वाचलं की गाय दूध देते, आणि तेवढ्यावर तिचं शिक्षण पूर्ण झालं. जनावर काय देतं ते बघावं. देत असेल तर ठेवावं, नसेल तर हाकलावं.

पण यंदा तिला सुनेपेक्षा मोठी काळजी होती, आणि ती काळजी लातुरात राहायची. तिचं नाव दानम्मा. गुरम्माची लेक शिवानी या दानम्माच्या मुलाला दिलेली. शिवानीला सहावा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला पाहिजे? पण दानम्मानं फोनवर सूर लावला.

"ईनबाई, रीत मलाबी कळती. पण तुमचं घर पडलं शेतात. साप, इच्चू, आनखी काय काय फिरत ऱ्हातंय! इथं कसं, दवाखाना दारात हाय."

"आवो, आमच्या शिवारात मुंगीबी इचारून चावते!" गुरम्मा कडाडली. "येळवशीला या जेवायला. डोळ्यानं बघा अन् मग बोला."

"येते की. आधी मी एकलीच येते. बघते, मग शिवानीचं ठरवू. आन भज्जी जरा घट्ट करा. गेल्या साली डब्यात धाडली होती ती लई पातळ होती."

फोन ठेवल्यावर गुरम्मा अर्धा तास त्या फोनकडेच बघत बसली. लेक हातातून चालली होती, आणि वर भज्जी पातळ!

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी उदगीर-देवणीकडची गावं कुलूप लावून शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. लक्ष्मीची पूजा करायची, कोपीभोवती आंबील शिंपडत मोठ्यानं ओरडत फिरायचं आणि मग पोट फुटेपर्यंत जेवायचं. त्या दिवशी शिवारात पाऊल टाकेल तो पाहुणा. ओळखीचा असो, वाट चुकलेला असो, भांडण झालेला असो, उपाशी जाऊ द्यायचा नाही.

गुरम्मानं घर डोक्यावर घेतलं. चार पालेभाज्या, ओला हरभरा, तूर, वाटाणे, सगळं बेसनात घोटून भज्जीचं पातेलं असं केलं की डाव उभा राहावा. बाजरीचे उंडे वळले, खीर केली, आंबिलीचा माठ भरला. कोप बांधायचं काम नवऱ्याचं. मलप्पांनी लग्नात बोलायचं खातं बायकोकडे दिलं ते परत घेतलंच नव्हतं. वर्षातून एकदाच त्यांचा आवाज फुटायचा, येळवशीला, कोपीभोवती. त्यांनी आदल्या दिवशीच कोप बांधून टाकली. शेजारी सटवाजीच्या रानात ऊसतोड चालली होती, तिकडचा पाचोळा उडून कोपीत मऊ गादी झाली होती. मलप्पांनी ती तशीच राहू दिली.

सकाळी दानम्माची गाडी आली. नाकाला पदर, हातात पाण्याची स्वतःची बाटली.

"शरणार्थ, ईनबाई!"

"शरणार्थ, शरणार्थ. ही हीर उघडीच हाय का?"

"जाळी हाय की वर."

"साप?"

"न्हाई."

"माकडं?"

"ती पलीकडल्या गावात. आमच्याकडं येत न्हाईत, मला भितात."

दानम्मा गोठा बघून आली, मोरी बघून आली, खाटेखाली वाकूनही बघून आली. तेवढ्यात कोपीत पांडव मांडायला गेलेली मंजुश्री परत आली. पळत नव्हे, तर दबक्या पावलांनी. चेहरा असा उजळलेला, जणू पोटात दिवा गिळलाय!

"आत्याबाई," ती कानात म्हणाली, "कोपीत बाळंतीण हाय."

"कुणाची?"

"रानमांजर. चार पिल्लं. उसातनं उचलून आणली असत्याल रात्रीतनं."

गुरम्मानं काठी उचलली. असलं काही सोसणारी नव्हतीच ती! तडक कोपीशी गेली, कडबा बाजूला केला, आणि काठी तशीच हवेत राहिली.

पाचोळ्याच्या गादीवर चार गोळे होते. मातकट रंगाचे, अंगावर पुसट पट्टे, कानाची टोकं काजळात बुडवल्यासारखी. एकाचे डोळे आताच उघडले असावेत. ते निळ्या डोळ्यांनी गुरम्माकडे बघत होतं आणि बघता बघता तोल जाऊन भावंडाच्या पोटावर पडत होतं. परत उठत होतं, परत पडत होतं. चौथं इतकं लहान, की गुरम्माच्या आंबिलीच्या गलासात मावलं असतं.

आणि त्यांच्या पुढे ती. हाडकुळी, लांब पायांची. पळाली नाही. कान पाडून गुरम्मावर फिसकारली! गेल्या चाळीस वर्षांत गुरम्मावर फिसकारायची हिंमत या शिवारात कुणी केली नव्हती. सरपंचानं नाही, मलप्पांनी तर नाहीच.

"हट!" गुरम्मा म्हणाली. पण आवाज निघाला तो आजारी माणसाला पाणी विचारावं तसा.

ही काय देते? काही देत नाही. दूध नाही, राखण नाही. तरी गुरम्माचे डोळे हलेनात. त्या बाळंतिणीचं सगळं अंग थरथरत होतं, फक्त पाय जागचे हलत नव्हते. आणि आज येळवस. शिवारात आलेल्याला हाकलायचं कसं? तेही लक्ष्मीच्या दारातून?

गुरम्मानं कडबा सारखा केला.

"मंजुश्री, त्वांड बंद. ईनबाईला कळलं तर शिवानी गेली हातातनं. पूजा करू, पण हळू."

अशी पूजा पंचक्रोशीत कधी झाली नसेल! पांडव कोपीच्या बाहेर, दाराशी मांडले. नैवेद्य लांबून दाखवला. आणि मलप्पा वर्षभराचा आवाज छातीत भरून तोंड उघडणार, तेवढ्यात गुरम्मानं डोळे वटारले. बिचारे चवड्यांवर चालत कोपीभोवती फिरले, एकेक थेंब आंबील शिंपडत, देवाच्या कानात गुपित सांगावं तसं कुजबुजत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे…"

दानम्मा बघतच राहिली. "तुमच्याकडं हे कानात म्हनतात?"

"देवाला काय ऐकू कमी येतंय?" गुरम्मा म्हणाली.

इथवर निभावलं होतं. पण मंजुश्रीनं तोंड बंद ठेवलं तरी मोबाईल आधीच उघडा ठेवला होता! सासूला सांगायच्या आधी तिनं गावातल्या बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. खाली लिहिलं, 'आमच्या कोपीतले पाहुणे.' तो फोटो एका शेतातून दुसऱ्या शेतात गेला. पट्टे तर होतेच, पुढं कुणीतरी त्याला ठिपकेही चिकटवले. पहिली पंगत बसायच्या आत गावभर झालं, मलप्पाच्या कोपीत बिबट्या व्याला!

सटवाजी सर्वांत आधी धावत आला. हातात कुऱ्हाड, मागे काठ्यावाले पंधरा-वीस जण.

"वयनी! जित्या हाव का तुमी?"

"मला काय झालंय?"

"बिबट्या हाय म्हनं कोपीत! चार पिल्लासंगट!"

दानम्माच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. ती बाई गुडघेदुखीनं मघापासून कण्हत होती. पण बांध, पाट, हरभऱ्याचा वाफा असं सगळं ओलांडून ती गाडीत जाऊन बसली, कधी बसली ते कुणाला दिसलं नाही. काचा वर. आतून दार बंद. काचेला नाक लावून ओरडायला लागली, पण बाहेर फक्त तोंडाची उघडझाप दिसत होती. ते बरंच होतं!

"आवो, रानमांजर हाय ती!" गुरम्मा म्हणाली.

"तुमाला काय कळतंय वयनी, ल्हानपनी बिबट्या असाच दिसतो. व्हा बाजूला!"

माणसं वाढत चालली. कुणी दगड आणला, कुणी मोबाईल. कोपीच्या आतून बारीक 'च्यँव' असा आवाज आला, आणि सगळा घोळका एक पाऊल मागे आणि मग दोन पावलं पुढे सरकला.

गुरम्मा कोपीच्या दारात उभी राहिली. हातात काठी नव्हती, भज्जीचा डाव होता. अंग थरथरत होतं. पाय मात्र जागचे हलत नव्हते.

"सटवाजी!" सकाळपासून दाबलेला आवाज असा निघाला की बाभळीवरचे बगळे उडाले. "येळवशीला माझ्या शिवारात आलास. जेवलास का?"

सटवाजी गडबडला. "न्हाई, पन बिबट्या…"

"उपाशी उभा ऱ्हायचं न्हाई माझ्या दारात! ठिव ती कुऱ्हाड. मंजुश्री, गलास भर! आवो, पत्रावळ्या आना!"

आणि तिनं वाढायला सुरुवात केली. एका हातात आंबिलीचा गलास दिला, दुसऱ्या हातात पत्रावळ. काठी धरायला तिसरा हात आणायचा कुठून? एकेकानं काठी खाली ठेवली. येळवशीला पुढ्यात आलेल्या भज्जीला नाही म्हणेल असा माणूस त्या तालुक्यात जन्मला नव्हता. बिबट्याला मारायला आलेले लोक पंगतीत बसले. मागून आलेल्यांना पुढचे सांगू लागले, "बसा, बसा, भज्जी लई झकास हाय." काही जण तर बिबट्याचं विचारायलाच विसरले!

शेवटी वनखात्याचा माणूस आला. त्यानं लांबूनच कोपीत डोकावलं आणि म्हणाला, "रानमांजर आहे. हात लावू नका, गर्दी कमी करा. पिल्लं घेऊन ती आपली आपण जाईल." मग तोही दोन गलास आंबील पिऊन गेला.

ऊन कलतीला लागलं तेव्हा शिवार रिकामं झालं. माठ रिकामा झाला. पातेलं रिकामं झालं. गाडीची काच चार बोटं खाली आली.

"गेलं का ते?"

"या ईनबाई," गुरम्मा थकून म्हणाली. "जेवायला या."

पण वाढणार काय? सगळ्या गावाला जेवू घालून ज्या एका बाईसाठी स्वयंपाक केला तिच्या पानात वाढायला काही उरलं नव्हतं! गुरम्मानं पातेलं खरवडलं. तळाची डावभर भज्जी आणि अर्धा उंडा निघाला. तिनं पान पुढे केलं आणि मान दुसरीकडे वळवली. गेलं सगळं. लेक गेली, इज्जत गेली, भज्जीही गेली.

दानम्मानं घास घेतला. दुसरा घेतला.

"घट्ट हाय," ती म्हणाली.

मग ती पान हातात घेऊनच उठली आणि कोपीपासून दहा हातांवर जाऊन खाली बसली. गुरम्मा तिच्या शेजारी बसली. कडब्याच्या फटीतून आतलं थोडं दिसत होतं. मांजर आडवी झाली होती. चारही पिल्लं पोटाशी लागली होती. ते निळ्या डोळ्यांचं सारखं निसटत होतं, आणि आई दरवेळी पंजानं त्याला आत ओढत होती, न बघता, सवयीनं.

"एवढ्या गर्दीत पळाली न्हाई," दानम्मा हळूच म्हणाली.

"कुठं पळल? चौघास्नी घिऊन?"

दानम्मानं हातातला घास पानात परत ठेवला. मग म्हणाली, "मला माझ्या सासूनं धाडलं न्हवतं माहेरी. पहिल्या येळंला. म्हनाली, तिकडं सोय न्हाई. माझी माय दारात बसून ऱ्हायली होती म्हनं, डिंकाचे लाडू करून. ते लाडू मला पोस्टानं आले."

गुरम्मानं दानम्माच्या पानातला पडू लागलेला उंडा सावरला.

"सातव्यात धाडते शिवानीला," दानम्मा म्हणाली. "तुमी असताना बिबट्याची काय बिशाद!"

गुरम्माला वाटलं, उठून मांजरीचीच ओटी भरावी!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोप रिकामी होती. पाचोळ्यात चार खळगे तेवढे उरले होते. मंजुश्री त्यांवर हात ठेवून बसली, ऊब शोधत. कडबा बैलांना घालायचा असतो, पण मलप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आणि मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्यांनी एकट्यानंच कोपीला फेरी मारत खणखणीत आवाजात 'ओलगे ओलगे' करून घेतलं. वर्षाची बाकी ठेवायची कशाला?

सातव्या महिन्यात ठरल्याप्रमाणे गाडी आली. शिवानी उतरली. गुरम्मानं भाकरतुकडा ओवाळला, लेकीच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले. तर गाडीचं दुसरं दार उघडलं आणि दानम्मा उतरली. मग तिची बॅग उतरली. मग दुसरी बॅग. मग उशी, गुडघ्याचं तेल, पाणी गाळायचं यंत्र आणि देवपूजेची पेटी.

"मी म्हनलं, पोरीला एकलं कसं सोडावं," दानम्मा नाकाचा पदर काढत म्हणाली. "बारसं करूनच जाते. ईनबाई, त्या हिरीच्या जाळीचं एक बघा बरं का, सैल झाली. आन आज भज्जी जरा पातळ करा, परवाची घशात अडकली."

गुरम्मा तिथंच उभी राहिली. मग बॅग उचलायला आलेल्या सुनेचा दंड धरून तिनं तिला गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"मंजुश्री, तू खुशाल बोल जनावरांशी. आजपासून मी काय म्हननार न्हाई. पालीला जेवायला बोलव, बेडकाला न्हाऊ घाल. पन एक ध्यानात ठिव. आजवर आपल्या दारात लई पाहुने आले, त्यात शानी निघाली ती तुझी मांजर! पोरं घिऊन आली, पन सासूला घिऊन आली न्हाई!"