कांबळेमामांचं दुपटं

आमच्या खालच्या मजल्यावरचे कांबळेमामा एकदा नळ बंद करून गेले, की तो नळ दुसऱ्या कुणाला उघडत नाही. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि जाताना "जरा सैल हाय वैनी" म्हणून लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवून गेले. ती बरणी आम्हाला शेवटी फोडावी लागली. जन्मभर ते गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होते. मामा निवृत्त झाले, हात काही झाले नाहीत. जिन्याचा कठडा, पोरांच्या सायकली, गेटची बिजागरी, दिसेल ते आवळत जातात. "सैल ठिवायचंच न्हाय" हे त्यांचं पालुपद.

हा माणूस हातमाग शिकायला जातोय हे कळलं, तेव्हा मला काळजी वाटली ती मागाची.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक अश्विनी, सांगलीला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या. घरात बाईमाणूस नाही तर पोरगी तिथं जाऊन करणार काय, असं सासरचं म्हणणं पडलं. मामांना लेक घरी हवी होती. भांडण त्यांना जमत नाही, म्हणून ते तयारीला लागले. बाळाचं दुपटं आजीच्या जुन्या मऊ साडीचं करतात, आणि मामींच्या साड्या त्यांनी तेव्हाच नातेवाइकांत वाटून टाकल्या होत्या.

"एक बी ठिवली न्हाय बघा," मला म्हणाले. "आता कापडच इणतो की."

मागच्या गल्लीतल्या मुमताजभाभी घरीच हातमाग चालवतात, हौशी लोकांना शिकवतातही. मी गंमत बघायला गेले. मामा आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे टाकत आणि तो धागा असा खेचत, की काठाचे उभे धागे पटापट तुटत. सुरुवातीला चांगलं हातभर रुंद असलेलं कापड वीतभरावर आलं होतं.

"मामा, दुपटं विणताय का टाय?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

भाभी म्हणाल्या, "मामा, नट न्हाय हे, सूत हाय. धागा तिरका सोडा, सैल. फणी मारली की आपणच बसतंय जाग्यावर."

"सैल सोडून कसं चालंल?"

"सोडून बघा की."

कित्येक दिवस ते जमेना. धागा तुटायचा, गाठ मारायची, पुन्हा तुटायचा. मग एका दुपारी मी गेले तर मामा ओठ दाताखाली धरून, अगदी बेतानं धागा सोडत होते. फणी मारली. काठ सरळ राहिला.

"बसलं की ओ," ते स्वतःशीच म्हणाले.

पुढच्या रविवारी अश्विनी सासूबाईंना घेऊन आली. मामांनी मला बोलावून घेतलं. "वैनी, तुम्ही नुसत्या बसा. घरात बाई दिसू दे."

सासूबाई रोखठोक होत्या. "इथं हिचं कोण बघणार?"

मामांनी दुपटं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. सुरुवातीला आवळत गेलेलं, गाठीगाठींचं, पुढं हळूहळू रुंद होत सरळ झालेलं.

"कुणी इणलं?"

"मीच. विहीणबाई, बाळाला न्हाऊ घालाय येत न्हाय मला. शिकतो की. हे बी येत नव्हतं."

सासूबाईंनी काठावरून बोट फिरवलं, वाकड्या टोकापासून सरळ टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "न्हाऊ घालायला बाई मिळंल. सातवा लागला की हिला पाठवून देऊ."

अश्विनीनं माझा हात घट्ट धरला. मामा "चहा टाकतो" म्हणून आत गेले ते बाहेर येईनात. मी जाऊन पाहिलं, तर भिंतीकडे तोंड करून उभे. हातात पातेलं, गॅस पेटवलेलाच नाही.

"दूध गावंना वैनी," म्हणाले.

दूध समोरच होतं. मी गॅस पेटवला.